चार जीबीचा हिशेब

जून-जुलैत आमच्या मिरकरवाड्याचं बंदर शांत असतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. बोटी शाकारलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली. माझं काम मात्र याच दिवसांत वाढतं. भाईच्या आणि शेजारच्या दोन बोटींचे हिशेब मी घरच्या लॅपटॉपवर ठेवते. कोणत्या खलाशाने किती उचल घेतली, किती फिटली, कोणाच्या घरी किती पैसे पाठवायचे, हे सगळं १ ऑगस्टच्या आत मिटवावं लागतं. खलाशांतले कोणी कर्नाटकातले, कोणी थेट नेपाळचे. त्यांच्या बँकेचे कागद माझ्या हाती आहेत, ती अमानतच म्हणायची.

गेल्या जुलैत एका रात्री इशाची नमाज झाल्यावर हिशेब जतन करायला गेले, तर पडद्यावर आलं, ‘डिस्कवर जागा शिल्लक नाही.’

लॅपटॉप जुना. रॅम २ जीबी, डिस्क ३२ जीबी. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने त्यावर उबंटू लिनक्स घालून दिलं होतं. भाई म्हणाला, "आपा, नवीन घेऊन टाक." पण बंदीच्या दिवसांत घरात पैसा येत नाही, फक्त जातो. शिवाय एवढी जागा खाल्ली कोणी, हे मला कळायला हवं होतं.

आठवत गेले. मोहल्ल्यात एकाची ऑनलाइन फसवणूक झाली तेव्हा मी घाबरून एका ओळखीच्या मुलाकडून लॅपटॉपवर फायरवॉल बसवून घेतली होती. सोबत व्हायरस शोधणारा भागही होता. त्याने लॅपटॉप इतका संथ झाला की दोन महिन्यांत ती काढून टाकली. काढली म्हणजे गेली, असं मी समजले होते.

शोधता शोधता त्या फायरवॉलच्या नावाच्या फोल्डरमध्ये ४ जीबीची एकच फाइल सापडली. पुसायला गेले तर ‘परवानगी नाही’. पासवर्ड दिला, तरी तेच. मग भाच्याला फोन लावला.

"खाला, आता काही पुसू नका," तो म्हणाला. "ती स्वॅप फाइल आहे आणि अजून वापरात आहे. म्हणून लिनक्स तुम्हाला अडवतंय."

स्वॅप म्हणजे काय, ते त्याने आमच्याच भाषेत सांगितलं. रॅम ही जेटीवरची लिलावाची जागा. तिथे गर्दी झाली की लगेच न लागणारा माल मागच्या गोदामात नेऊन ठेवतात. डिस्कवरचं ते गोदाम म्हणजे स्वॅप. माल ठेवता येतो, पण परत आणायला वेळ लागतो. व्हायरस शोधणाऱ्या भागाला रॅम भरपूर लागते. आमच्याकडे ती कमी, म्हणून फायरवॉल बसवतानाच तिने ४ जीबीचं गोदाम बांधून घेतलं होतं. मग काढताना ते का गेलं नाही? कारण प्रोग्राम काढताना लिनक्स त्याच्या यादीत लिहिलेल्या फाइली काढतं. ही फाइल नंतर तयार झालेली, तिचं नाव यादीत नव्हतंच.

आता नीट क्रमाने काम सुरू झालं. आधी हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. मग ‘स्वॅपऑन’ला ‘शो’ जोडून यादी पाहिली. दोन स्वॅप दिसले. एक उबंटूचा स्वतःचा, २ जीबीचा. दुसरा तो ४ जीबीचा. "पहिल्याला हात लावू नका," भाचा म्हणाला, "तो घरचा आहे. २ जीबी रॅमला त्याचा आधार लागतो." रागाच्या भरात मी दोन्ही उडवले असते, हे कबूल करते.

मग ब्राउझर आणि बाकीचे प्रोग्राम बंद केले. ‘स्वॅपऑफ’ आदेशाने गोदामातला माल आधी परत आणला जातो. जेटीवर जागाच नसेल तर आदेश फसतो. आदेश देताना फाइलचा पूर्ण पत्ता लिहिला, म्हणजे तेवढंच गोदाम रिकामं होईल. पडदा दोन मिनिटं नुसता थांबून राहिला. मीही श्वास रोखून बसले. यादी पुन्हा पाहिली तर एकच नाव उरलं होतं.

पण काम संपलं नव्हतं. लॅपटॉप सुरू होताना कोणती डिस्क आणि कोणता स्वॅप जोडायचा, हे ‘एफएसटॅब’ नावाच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तिची प्रत काढून ठेवली आणि त्या स्वॅपच्या ओळीपुढे हॅशचं चिन्ह टाकलं, म्हणजे ती ओळ वाचली जात नाही. ती तशीच राहिली असती तर लॅपटॉप दर वेळी नसलेलं गोदाम शोधत राहिला असता. या फाइलमध्ये चुकीच्या ओळीला हात लागला तर लॅपटॉप सुरूच न होण्याची भीती, म्हणून भाच्याने मला ती ओळ फोनवर दोनदा वाचायला लावली.

सगळ्यात शेवटी फाइल पुसली. या वेळी कोणी अडवलं नाही. ४ जीबी मोकळे झाले. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला, सगळं जागच्या जागी होतं. उबंटूमध्ये ‘यूएफडब्ल्यू’ नावाची फायरवॉल आधीपासूनच असते, फक्त चालू करावी लागते. जी वस्तू घरात होती, ती मी बाहेरून आणली होती! एका आदेशात ती सुरू झाली.

भाच्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मनात राहिली. रॅममध्ये उघडलेलं काहीही स्वॅपमध्ये जाऊ शकतं, म्हणजे खलाशांचे खाते क्रमांकही. आणि फाइल पुसली तरी डिस्कवरच्या खुणा लगेच मिटतात असं नाही. म्हणून हा लॅपटॉप उद्या भंगारात द्यायची वेळ आली, तरी त्याची डिस्क मी कोणाच्या हाती देणार नाही.

आता हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी लिहून ठेवते. लॅपटॉपवर काय घातलं, कधी घातलं, त्याने कुठे काय ठेवलं. उचल लिहितो तसंच हे. घेताना लिहिलं असेल तरच फेडताना काही राहून जात नाही.

३१ जुलैच्या रात्री शेवटच्या खलाशाचा हिशेब जतन केला. पहाटे बोटी निघाल्या.