उरलेले चार वेढे

आमच्या घरात बाटली रिकामी झाली असे कोणी म्हणत नसे. ती आधी 'पालथी' होई. तेलाची बाटली संपत आली की आई ती रात्रभर बुधलीवर उलटी करून ठेवी आणि सकाळी बुधलीच्या तळाशी जमलेले चमचाभर तेल एखाद्या सावकाराच्या नजरेने पाही. दौतीत शाई उरली नाही की दौतीत पाणी पडे, आणि महिनाअखेरीला मामांना जाणारी पत्रे जरा फिकट होत. अत्तराची कुपी संपल्यावर बूच काढून लुगड्यांच्या घडीत जाई. पुढची दोन वर्षे ट्रंक उघडली की घरात लग्न असल्याचा भास होई.

अशा घरात वाढलेल्या माणसाला दुसऱ्याची काटकसर पाहून आनंद होतो. गेल्या दिवाळीला माझा पुतण्या इंग्लंडहून भिवंडीला आला, तेव्हा मला तसाच आनंद झाला. गॅलरीत कठड्याला टेकून तो एक इवलीशी बाटली दोन्ही तळव्यांत धरून चोळत होता. मी विचारले, "थंडी वाजते का रे?" तो हसला. म्हणाला, "नाही हो काका. आतला रस दाट असतो, तळाला चिकटून बसतो. ऊब दिली की पातळ होतो आणि शेवटचा थेंबसुद्धा उतरतो." मग त्याने ती बाटली दुसरीच्या तोंडावर उलटी धरली आणि तासभर तशीच टेकवून ठेवली. मला आईची बुधली आठवली. चार वर्षे परदेशात राहूनही पोराने घराण्याचे वळण सोडले नव्हते!

रस कसला, हे मी मागाहून विचारले. तो ई-सिगारेटचा होता. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, त्यात वासासाठी आंब्याचा अर्क आणि त्यात निकोटीन. विजेच्या तारेभोवती कापूस असतो, तो हा रस पितो, तार तापते आणि रसाची वाफ होते. ती ओढायची. 2003 च्या सुमारास होन लिक नावाच्या एका चिनी औषधतज्ज्ञाने हे यंत्र आजच्या रूपात आणले. तो स्वतः सिगारेटी ओढणारा, आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेलेले. हेतू वाईट नव्हता. पण निकोटीन ते निकोटीनच, पानात गुंडाळा की आमरसात कालवा.

मी त्याला म्हटले, "अरे, आपल्याकडे याला बंदी आहे. 2019 च्या सप्टेंबरात अध्यादेश निघाला, डिसेंबरात कायदा झाला. बनवायचे नाही, आणायचे नाही, विकायचे नाही, साठवायचे नाही." तो ओशाळला. म्हणाला, "चुकलंच काका. पण आता नवी नाही घेणार. दीड बाटली उरलीय, तेवढी संपवतो आणि बंद. एवढे पैसे घातलेत, टाकून कशी द्यायची?"

हे वाक्य मी आधी ऐकले होते. याच गावात, याच घराच्या जुन्या पडवीत.

अण्णा यंत्रमागावर होते. चार माग सांभाळत. मागाच्या खोलीत सुताचा भुगा उडतो, तिथे विस्तव चालत नाही. म्हणून पाळीला जाताना अण्णा दारातच बिडी विझवीत आणि अर्धी उरलेली कानावर ठेवीत. दुपारी तीच पुन्हा पेटे. त्यांनी अर्धी बिडी कधी फेकल्याचे मला आठवत नाही. 1978 साली डॉक्टरांनी त्यांची छाती तपासून बिडी बंद करायला सांगितले. अण्णा म्हणाले, "बंद म्हणजे बंद. एवढं बंडल संपू दे." अण्णा शब्दाला पक्के होते. अडचण एवढीच होती, की बंडलात दोन बिड्या उरल्या की दुसरे बंडल घरात येई. अगदीच रिकामे होऊ देणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यामुळे शेवटचे बंडल आठ वर्षे पुरले.

1986 साली ते गेले. कोनाड्यात एक बंडल होते, त्यात अकरा बिड्या होत्या. ज्या बाईने जन्मात तेलाचा थेंब वाया घालवला नाही, तिने ते बंडल उचलले आणि पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवले, कोणाला पुन्हा वाळवतासुद्धा येऊ नये म्हणून. त्या दिवशी ती रडली नव्हती. बादलीतले पाणी तांबूस झाले तेव्हा रडली.

आणि गंमत पाहा, टाकण्याची विद्या अण्णांना येत नव्हती असे नाही. धोट्यात सुताची कांडी असते. ती पार संपेपर्यंत माग चालू दिला तर आडवा धागा मध्येच तुटतो आणि कापडात फट पडते. म्हणून चांगला कारागीर कांडीवर चार वेढे शिल्लक असतानाच माग थांबवतो आणि कांडी बदलतो. मी लहानपणी त्यांना विचारले होते, "अण्णा, हे सूत वाया गेलं की!" ते म्हणाले, "चार वेढे वाचवायला गेलास तर तागा जातो." मागापुढे त्यांना हे ठाऊक होते. बिडी मात्र ते शेवटच्या वेढ्यापर्यंत ओढीत राहिले, आणि ज्यात फट पडली ते कापड बदलून मिळणारे नव्हते.

पुतण्याला मी हे सारे सांगितले. त्याने ऐकून घेतले. तरुण माणसे ऐकून घेतात, ही त्यांची हल्लीची सभ्यता आहे. मग मी हिशेब मांडला. बाटली 60 मिलिलिटरची, दर मिलिलिटरला 3 मिलिग्रॅम निकोटीन, म्हणजे भरलेल्या बाटलीत 180 मिलिग्रॅम. पैसे गेले ते दुकानात गेले. ते बाटलीत नाहीत. बाटलीत फक्त निकोटीन आहे. ती ओढून संपवली तरी पैसे परत येत नाहीत, निकोटीन मात्र बाटलीतून छातीत येते. याला वाचवणे कसे म्हणायचे? तो म्हणाला, "बघतो."

नरकचतुर्दशीच्या पहाटे माझी चार वर्षांची नात गॅलरीतून धावत आली. तिच्या हातात ती बाटली होती. "आजोबा, आंब्याचा रस!" बूच घट्ट होते, तिला उघडले नव्हते. निकोटीन लहान पोटात गेले तर जिवावर बेतते, ते कातडीतूनही आत शिरते. माझ्या आधी पुतण्या धावला. त्याने बाटली काढून घेतली, तिचे हात साबणाने दोनदा धुतले आणि न बोलता दुसरी बाटलीही माझ्यासमोर आणून ठेवली. माझ्या दृष्टान्ताने जे झाले नाही ते तिच्या एका वाक्याने झाले.

आता टाकायची कुठे? मोरीत ओतली तर गटारात, गटारातून कामवारीत. कापडाच्या रंगांनी त्या नदीचे आधीच पुरेसे हाल झालेले आहेत, आमच्या घरचा आमरस तिला नको होता. 2016 च्या घनकचऱ्याच्या नियमांत घरातला घातक कचरा वेगळा द्यायला सांगितले होते. म्हणून बाटल्यांची बुचे आवळली, त्या एका डब्यात घातल्या, डबा चिकटपट्टीने बांधला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत 'विष' लिहिले. घंटागाडी आली तेव्हा पुतण्याने तो स्वतः नेऊन दिला आणि आत काय आहे ते नीट समजावून सांगितले.

गाडीवरच्या माणसाने डबा कानाशी नेऊन हलवून पाहिला. आत रस डुचमळला.

"दादा, यात तर अजून आहे," तो म्हणाला. "संपवून नाही का टाकायचं?"

पुतण्या माझ्याकडे पाहून हसला. "नाही हो," तो म्हणाला, "हे आहे तेवढ्यासकटच टाकायचं असतं."