पाकिटावरचा पत्ता

माझे अक्षर वळणदार आहे, ही गोष्ट मी दहा-बारा वर्षांची असल्यापासून आमच्या घरात सर्वमान्य होती. त्याचा मला फायदा असा काहीच झाला नाही. गणपतीच्या वर्गणीची यादी, मुंजीच्या पत्रिकांवरची नावे आणि बाबांची इंग्रजी पत्रे सुवाच्य उतरवून काढणे, ही कामे मात्र आपसूक माझ्या गळ्यात पडली.

बाबांची पत्रे जात कुठे म्हणाल, तर लिस्बनला! गिरगावातल्या दोन खोल्यांतून, सार्वजनिक नळाच्या खडखडाटात, आम्ही पोर्तुगालच्या पंतप्रधानांना पत्रे लिहीत असू. कारण होते मोहन रानडे. सांगलीकडचा हा तरुण गोव्यात मराठी शिकवायला गेला, आझाद गोमंतक दलात शिरला आणि १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळ्या लागून पकडला गेला. शिक्षा २६ वर्षांची. पुढे त्यांना पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियसच्या किल्ल्यात ठेवले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. रानडे मात्र आतच राहिले. आम्ही इकडे विजयाचे पेढे खाऊन मोकळे झालो होतो, हे बाबांना फार लागले. सुधीर फडके यांनी रानड्यांच्या सुटकेसाठी चळवळ उभी केली, तेव्हापासून बाबांची लेखणी चालू झाली.

दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध १९५५ सालीच तुटलेले. पत्रे पोचत होती की नाही, देव जाणे. उत्तर एकदाही आले नाही. १९६८ च्या सप्टेंबरात सालाझार यांच्या जागी कायतानु आले, तेव्हा बाबांनी पाकिटावरचे नाव तेवढे बदलायला सांगितले, मजकूर तोच. "अहो, त्या साहेबाला तुमचं इंग्रजी तरी कळतं का?" असे आई विचारी. बाबा म्हणत, "कळायला नको. ढीग वाढला की पुरे. या माणसाची कुणीतरी आठवण ठेवून आहे, एवढं त्या ढिगावरून समजतं."

१९६९ च्या जानेवारीत रानडे सुटले. आदल्या वर्षी अण्णादुराई व्हॅटिकनमध्ये पोपना भेटले होते, तेव्हा त्यांनीही रानड्यांसाठी शब्द टाकला होता. आमच्या पत्रांचा त्यात खारीचा तरी वाटा होता का, हे मी विचारले नाही. बाबा त्या रात्री दोनदा जेवले, एवढे आठवते.

इथवर सांगायला बरे वाटते. पुढचे मी आजवर कागदावर आणले नाही.

१९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली. खालच्या मजल्यावरच्या मास्तरांना एका पहाटे पोलीस घेऊन गेले. ते समाजवादी, मोर्चे, सत्याग्रह हे त्यांचे नेहमीचेच. पण या खेपेला 'मिसा' होता. आरोप नाही, खटला नाही, सुटायची तारीख नाही. अशी सुमारे ३५,००० माणसे त्या काळात 'मिसा'खाली आत होती, आणि १९७६ च्या एप्रिलमध्ये तर सर्वोच्च न्यायालयानेच चार विरुद्ध एक मताने त्यांना कोर्टाचे दार बंद केले. तो 'एक' म्हणजे न्यायमूर्ती खन्ना.

मास्तरांच्या बायको, आमच्या काकू, एका संध्याकाळी अर्ज घेऊन वर आल्या. चाळीतल्या चार प्रतिष्ठितांच्या सह्या हव्या होत्या. बाबा सरकारी नोकर, पेन्शनीला दीड वर्ष उरलेले. त्यांनी अर्ज सावकाश वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "वहिनी, भाषा अगदी बरोबर आहे. कुठं दुरुस्ती नको." आणि कागद परत दिला.

मी आत पोळ्या लाटत होते. लाटणे थांबले नाही.

चार दिवसांनी काकूंनी मला जिन्यात गाठले. "अगं, सही नको. तुझं अक्षर छान आहे, नाशिक रोड जेलच्या पाकिटावर पत्ता तेवढा घालून दे. माझं लिहिलेलं कुणाला लागत नाही." मी "उद्या देते" म्हटले. बँकेतली माझी नोकरी जेमतेम वर्षाची होती. दुसऱ्या दिवसापासून मी मागच्या जिन्याने जाऊ लागले.

मास्तर १९७७ साली परत आले. त्या दिवाळीला काकूंकडून नेहमीसारखे फराळाचे ताट आले. कडबोळी तीच, आणि कुणी काही बोलले नाही. बोलले असते तर बरे झाले असते.

पुढे ॲम्नेस्टीचा इतिहास वाचनात आला. पीटर बेनेन्सन या लंडनच्या वकिलाने २८ मे १९६१ ला 'ऑब्झर्व्हर'मध्ये विसरलेल्या कैद्यांवर लेख लिहिला. पोर्तुगालमध्येच स्वातंत्र्याच्या नावाने पेला उंचावणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना शिक्षा झाल्याची बातमी वाचून आपण पेटलो, असे ते सांगत. त्यांच्या गटांनी तीन-तीन कैदी दत्तक घ्यायचे: एक पाश्चात्त्य देशांतला, एक साम्यवादी देशांतला, एक तिसऱ्या जगातला. आपल्या स्वतःच्या देशातला मात्र घ्यायचा नाही. नियमामागे निःपक्षपात आणि सुरक्षितता असे दोन्ही विचार होते, आणि ते योग्यही आहेत. पण मी वाचता वाचता थांबले. आमच्या घराने तो नियम न वाचताच पाळला होता.

निवृत्तीनंतर मी शनिवारी एका वकीलबाईंच्या खोलीवर बसते. कच्च्या कैद्यांच्या घरची माणसे येतात, त्यांचे अर्ज लिहून देते. नव्या कायद्याचे ४७९ कलम मला आता पाठ आहे: पहिलाच गुन्हा असेल, तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत गेल्यावर जामिनाचा विचार, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून. कैद्याचे नाव अचूक, अटकेची तारीख ठळक, शिवी एकही नाही. अक्षर अजून बरे आहे; हात थोडा कापतो.

काही वर्षांपूर्वी डोंबिवलीला काकूंकडे गेले होते. धीर करून तो पाकिटाचा विषय काढला. त्या जरा आठवून म्हणाल्या, "अगं, मग मीच घातला पत्ता. वेडावाकडा होता, पण पोचलं हो." आणि चहाचे आधण ठेवायला उठल्या.