शिसपेन्सिलीनें लिहिलेला प्रवास

शिसपेन्सिलीनें लिहिणें मला कधींच मानवलें नाहीं. एखाद्या विद्यार्थ्यानें उत्तर पेन्सिलीनें लिहिलें, म्हणजे त्याचा स्वतःच्या उत्तरावर विश्वास नाहीं, असें मी समजतों. तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकवतांना माझीं टिपणें, गुणपत्रकें, फार काय, वाण्याची यादीसुद्धां मीं शाईनेंच लिहिली. असा मी २०२२ सालच्या उन्हाळ्यांत रोज रात्रीं जेवण झाल्यावर एक वही, एक शिसपेन्सिल आणि मुलाच्या जुन्या दप्तरांतलें एक खोडरबर घेऊन बसत असें, आणि सोळा दिवसांचा प्रवास लिहीत असें. लिहीत असें म्हणण्यापेक्षां खोडीत असें, हें म्हणणें अधिक खरें होईल.

ती वही मूळची माझी नव्हे, आणि तिच्यांतला पहिला बेत पेन्सिलीचाही नव्हे. माझे एक स्नेही आमच्याच महाविद्यालयांत इतिहास शिकवीत. दोघांनींही आयुष्यभर युरोप शिकविला, आणि दोघांनींही तो पाहिला नव्हता. मे २०२० मध्यें आम्ही दोघे आणि आमच्या दोघांच्या पत्नी, अशा चौघांनीं निघावयाचें ठरलें. इटली, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड. रोमला पांच रात्री, व्हेनिसला तीन, मग रात्रीच्या गाडीनें व्हिएन्ना, आणि तेथून आल्प्सच्या बाजूनें झुरिच. स्नेह्यांचें अक्षर टपोरें. पहिल्या पानावर त्यांनीं चौघांचीं नांवें काळ्या शाईनें लिहिलीं व खालीं रेघ मारली.

११ मार्च २०२० रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें कोविडची साथ जगभर पसरल्याचें जाहीर केलें, आणि त्याच महिन्यांत आपल्याकडून परदेशीं जाणारीं नियमित विमानें थांबलीं. आमच्या स्नेह्यांना त्याचें दुःख झालें नाहीं. त्यांना त्यांत इतिहास सांपडला. दूरध्वनीवरून ते मला सांगूं लागले, कीं व्हेनिसनें १४२३ सालींच साथीच्या रोग्यांसाठीं एका बेटावर रुग्णालय काढलें होतें. 'क्वारंटाइन' हा शब्दच मुळीं तिकडच्या चाळीस दिवसांच्या मुक्कामावरून आला. आणि १८९७ सालीं मुंबईच्या प्लेगापासून आपला बचाव कसा करावा याचा खल करण्यास युरोपांतलीं राष्ट्रें जमलीं तीं व्हेनिसलाच. "तेव्हां व्हेनिसनें आपल्याला वेशीवर थांबविलें तर त्यांत अपमान नाहीं. जुना परिपाठ आहे!" मींही माझा कीट्स पुढें केला. क्षयानें खंगलेला तो कवि हवापालटासाठीं १८२० च्या ऑक्टोबरांत जहाजानें नेपल्सला पोंचला, तों लंडनमध्यें तापाची साथ आहे म्हणून बंदरांतच दहा दिवस अडकून पडला. सुटका झाली ती ३१ तारखेला, त्याच्या पंचविसाव्या वाढदिवशीं. पुढें चार महिन्यांच्या आंत तो रोममध्यें वारला. "तुमचा दाखला अशुभ आहे, प्राध्यापकसाहेब," असें म्हणून स्नेही खो खो हंसले.

२०२१ च्या एप्रिलांत, दुसऱ्या लाटेंत, ते गेले. पावसाळा संपतां संपतां वहिनींनीं ती वही माझ्याकडे पाठवून दिली. सोबत चिठ्ठी नव्हती.

वही हातीं आली तेव्हां नियमांचें राज्य सुरू झालें होतें. इटली, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड यांच्या सरहद्दींवर एरवीं कोणी अडवीत नाहीं. तिघांना मिळून एकच व्हिसा, आणि तोही जेथें मुक्काम अधिक त्या देशाकडे मागावयाचा. पण आरोग्याचे नियम मात्र ज्याचे त्याचे. लशीचीच गोष्ट घ्या. १ जुलै २०२१ पासून युरोपीय संघाचें लशीचें प्रमाणपत्र चालूं झालें. त्यांच्या औषध-संस्थेच्या यादींत ॲस्ट्राझेनेकाची लस 'व्हॅक्सझेव्हरिया' या नांवानें होती. तीच लस आमच्या पुण्यास हडपसरला 'कोव्हिशील्ड' या नांवानें तयार झाली, म्हणजे यादीबाहेर! ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांनीं ती आपापल्यापुरती मान्य केली, इटलीनें मान्य करीपर्यंत सप्टेंबर उजाडला. वर्गांत मी नांवांत काय आहे, या प्रश्नावर तासच्या तास बोललों आहें. उत्तर मला या वर्षीं मिळालें.

तरीही आशा सुटली नाहीं. २६ नोव्हेंबर २०२१ रोजीं बातमी आली, कीं १५ डिसेंबरपासून आपलीं नियमित विमानें पुन्हां सुरू होणार. मीं पेन उघडलें. त्याच दिवशीं जागतिक आरोग्य संघटनेनें विषाणूच्या नव्या अवताराचें 'ओमिक्रॉन' असें बारसें केलें. १ डिसेंबरला विमानांचा बेत पुढें ढकलला गेला. मीं पेनाला टोपण लावलें, आणि दुसऱ्या दिवशीं कोपऱ्यावरच्या दुकानांतून शिसपेन्सिल आणली.

२७ मार्च २०२२ रोजीं विमानें खरोखरच सुटूं लागलीं. पण तोंवर संघानें पहिल्या दोन मात्रांच्या प्रमाणपत्राची मुदत २७० दिवस ठरविली होती. माझी दुसरी मात्रा ५ जुलैची; म्हणजे माझी मुदत नेमकी १ एप्रिलला सरली. तिसरी मात्रा घ्यावी म्हटलें, तर आपल्याकडचा नियम असा, कीं दुसरीनंतर ३९ आठवडे पुरे झाले पाहिजेत. एकोणचाळीस साते दोनशें त्र्याहत्तर! युरोपच्या मतें मी ज्या दिवशीं निकामी झालों, त्यानंतर बरोबर तीन दिवसांनीं भारताच्या मतें मी दुरुस्तीस योग्य झालों. तेवढ्यानेंही भागलें नाहीं; साठीच्या आंतल्या लोकांना ती मात्रा १० एप्रिलपासून मिळूं लागली, आणि मीं ती ११ तारखेला घेतली.

हा तीन दिवसांचा हिशेब मला फार गंमतीचा वाटला. भेटेल त्याला मी तो रंगवून सांगूं लागलों. एप्रिल संपत आला असतां आम्ही दोघें वहिनींकडे गेलों. वर्षश्राद्ध होऊन आठवडा झाला होता. वही त्यांच्यापुढें ठेवून मीं म्हटलें, "वहिनी, पहिल्या पानावर तुमचें नांव आहे. तुम्ही चला." आणि मग, त्यांचें मन जरा हलकें व्हावें म्हणून, माझा तो हिशेबही सांगितला.

त्या हंसल्या नाहींत. वही बंद करून म्हणाल्या, "भावजी, मागच्या एप्रिलांत मीही तीन दिवस कागद घेऊन हिंडत होतें. खाटेसाठीं एक, प्राणवायूसाठीं एक, इंजेक्शनासाठीं आणखी एक. जिथें जावें तिथें कुठला तरी कागद कमी पडे. तुम्ही अवश्य जा. यांचा बेत मोडूं नका. पण कोणापुढें कागद धरून रांगेंत उभें राहणें आतां माझ्यानें होणार नाहीं."

मला माझीच लाज वाटली. ज्या कागदांच्या घोळाची मी चार महिने करमणूक करून घेत होतों, तो त्या घरांत येऊन गेलेला होता, आणि तेथें त्याचा शेवट विनोदांत झाला नव्हता. परततांना रिक्षांत आम्ही दोघें कांहीं बोललों नाहीं. घरीं आल्यावर माझी पत्नी एवढेंच म्हणाली, "जायचें, पण ही गोष्ट पुन्हां कोणाला सांगूं नका."

त्यानंतर नियमच एकेक करून गळूं लागले. २ मे रोजीं स्वित्झर्लंडचे गेले, १६ मे रोजीं ऑस्ट्रियाचे. इटलीनें १ जूनपासून लशीचें प्रमाणपत्र मागणें सोडलें. प्रत्येक वेळीं मी वहींतली एक ओळ खोडीत असें. पहिल्या पानावरचीं चार नांवें मात्र शाईचीं होतीं. तेथें खोडरबर चाललें नसतें, आणि मीं तें चालवूनही पाहिलें नाहीं.

४ जूनला आम्ही रोमला उतरलों. तीस हजार युरोचा विमा, लशींचीं प्रमाणपत्रें, त्यांच्या तीन तीन प्रती, असें एक भलें मोठें बाड माझ्या खांद्याला होतें. सोळा दिवसांत लशीचा कागद तिन्ही देशांत कोणीं मागितला नाहीं. इटलीच्या गाड्यांतून मुखपट्टी लावा, एवढेंच काय तें सांगणें. तिसऱ्या दिवशीं मी कीट्सच्या कबरीपाशीं गेलों. दगडावर त्याचें नांव नाहीं, हें मी वर्षानुवर्षें शिकवीत आलों होतों. शेजारीं सेव्हर्न निजला आहे, हेंही शिकवीत होतों. पण त्याचा अर्थ तेथें उभा राहीपर्यंत मला कळला नव्हता. शेवटपर्यंत सोबत करणाऱ्या त्या मित्राच्या दगडावर दोघांचींही नांवें आहेत. व्हेनिसला पोंचल्यावर मीं वहींतलें तें पान उघडलें, आणि स्नेह्यांनीं लिहिलें होतें त्याच क्रमानें तें शहर पाहिलें. एकही ओळ बदलली नाहीं.

परत आल्यावर वही देण्यास गेलों. वहिनींनीं पहिला प्रश्न केला, "कागद किती ठिकाणीं दाखवावे लागले?"

"तिकडे कुठेंच नाहीं. परत येतांना मात्र आपल्याच सरकारच्या 'एअर सुविधे'वर लशीचे चढवावे लागले."

त्या प्रथमच हंसल्या. "म्हणजे परक्यांनीं सोडलें, आपल्यांनीं धरलें!"

'एअर सुविधे'ची ती अट २२ नोव्हेंबर २०२२ पासून उठली. त्या दिवशीं सायंकाळीं वहिनींचा दूरध्वनि आला. वर्तमानपत्र त्यांनीं वाचलेलें दिसलें.

"भावजी, वही माझ्याकडेच आहे. मागचीं पानें कोरीं आहेत. येतांना ती तुमची शिसपेन्सिल घेऊन या."