आनंदीबाई थंडीने गेल्या नाहीत

डॉ. आनंदीबाई जोशींची गोष्ट मराठीत कुणीही सांगायला घेतली, की शेवटाकडे एक वाक्य हटकून येतं: अमेरिकेची थंडी त्यांना मानवली नाही. मग त्याला जोडून बाकीची यादी. फिलाडेल्फियाच्या खोलीतली धूर ओकणारी शेगडी, शाकाहाराचे हाल, नऊवारीत उघडे पडणारे पाय, परतीचा बोटीचा प्रवास, समुद्र ओलांडला म्हणून औषध द्यायला कां-कूं करणारे वैद्य, आणि सगळ्यांच्या वर नवऱ्याचा, म्हणजे गोपाळरावांचा, हट्ट. यातलं सगळंच खोटं आहे असं नाही. पण या यादीत क्षयाचा जंतू कुठेच नसतो, आणि मला तेच अजून बोचतं. एका डॉक्टर बाईच्या मृत्यूचं कारण सांगताना आपण हवामान सांगतो, समाज सांगतो, नवरा सांगतो. रोग सांगत नाही. सांगितलाच तर ‘क्षयाने ग्रासलं’ इतकंच, जणू थंडी, उपास आणि मनस्ताप यांची बेरीज केली की क्षय तयार होतो. थंडीने माणूस गारठतो. क्षय होतो तो जंतूने, आणि तो जंतू दुसऱ्या माणसाच्या खोकल्यातून हवेवाटे येतो.

रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये हा जंतू जगाला दाखवला तो २४ मार्च १८८२ रोजी. आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या ७ एप्रिल १८८३ला. म्हणजे त्या निघाल्या तेव्हा कारण कळून जेमतेम वर्ष झालं होतं; उपाय मात्र साठ वर्षं दूर होता. ११ मार्च १८८६ला विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाची पदवी, कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातली नेमणूक, आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात मृत्यू, वयाची बावीस वर्षंही पुरी नसताना. वैद्यांनी तोंड फिरवलं म्हणून त्या गेल्या असं म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की त्या वर्षी लंडन-पॅरिसच्या डॉक्टरांकडेही क्षयावर औषध नव्हतं. ते निघालं १९४३ साली, आणि निघालं कुठे, तर ज्या न्यू जर्सीत रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटरबाईंच्या घरी आनंदीबाई आधी उतरल्या, त्याच न्यू जर्सीत. रटगर्सच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झने मातीतल्या सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळं काढलं.

मग जंतूने त्यांना गाठलं कुठे? इथे दोन तट पडतात. एक म्हणतो अमेरिकेने मारलं, दुसरा म्हणतो आपल्याच समाजाने. पुराव्याकडे पाहावं तर कलकत्त्यात असतानाच त्यांना सततची डोकेदुखी, मधूनमधून ताप, अशक्तपणा आणि कधी धाप असा त्रास होता, इतका की कार्पेंटरबाई अमेरिकेतून औषधं पाठवत होत्या. ताप आणि धाप म्हणजे क्षयच, असं इतक्या दुरून कुणी छातीठोकपणे म्हणू नये. मलेरियाच्या मुलखात तर मुळीच नाही. पण क्षयाच्या जंतूची चाल ज्याला माहीत आहे त्याला हा तपशील ओलांडून जाता येत नाही. हा जंतू अतिशय मंद. इतर पुष्कळ जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, याला त्यासाठी जवळजवळ अख्खा दिवस लागतो. फुप्फुसात शिरला की शरीराच्या पेशी त्याच्याभोवती कडं करतात, आणि त्या कड्यात तो वर्षानुवर्षं जिवंत पडून राहतो. माणसाला खोकला नाही, ताप नाही, आणि तो कुणाला लागणही देत नाही. अशा माणसांपैकी शंभरात पाच ते दहा जणांना आयुष्यात कधी ना कधी रोग उफाळून येतो. माझा कौल असा, की आनंदीबाईंबरोबर तो इथूनच गेला असण्याची शक्यता जास्त.

यावर फिलाडेल्फियाचं नाव पुढे करता येईल, आणि हा आक्षेप कच्चा नाही. त्या काळी अमेरिकेच्या शहरांत क्षयासारखा माणसं नेणारा दुसरा रोग क्वचितच होता. न्यूयॉर्क राज्यात सॅरनॅक लेकला डॉ. ट्रूडोंनी क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियम काढलं ते १८८५ साली, आनंदीबाई कॉलेजात शिकत असताना. आणि खुद्द फिलाडेल्फियात डॉ. लॉरेन्स फ्लिक यांनी शहराच्या पाचव्या वॉर्डातल्या क्षयाच्या मृत्यूंची घरवार नोंद तपासून १८८८ साली दाखवून दिलं, की रोग ठरावीक घरांत पुन्हा पुन्हा येतो. कुटुंब बदललं तरी घर तेच. म्हणजे आनुवंशिक नव्हे, संसर्गजन्य. फ्लिक स्वतः क्षयातून उठलेले. पण शहरातले नामांकित डॉक्टर त्यांच्यावर उखडले. रोग्यांची सरकारी नोंद करा म्हटल्यावर त्यांना ती रोग्याची बेअब्रू वाटली. क्षय घराण्यातून येतो, नाजूक प्रकृतीतून येतो, वाईट हवेतून येतो, हेच त्यांना हवं होतं. जंतू सापडून सहा वर्षं झाली होती, तरी! तेव्हा ‘थंडीने गेल्या’ म्हणणारे आपण मराठी लोक काही एकटेच अडाणी नव्हतो. फक्त त्यांनी ते म्हणणं सोडलं आणि आपण अजून म्हणतो.

आणि हा नुसता इतिहासाचा वाद असता तर मी इतकं लावून धरलं नसतं. आजही भारतातून अमेरिकेत गेलेल्या घरांत नोकरीसाठी, कॉलेजसाठी किंवा ग्रीन कार्डासाठी क्षयाची चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली, की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘अहो, ते बीसीजीमुळे. आपल्या सगळ्यांचंच येतं.’ दंडावरचा त्या लसीचा खोलगट व्रण दाखवला की विषय संपला. हे वाक्य थंडीच्या वाक्याचंच धाकटं भावंड आहे. जंतू सोडून काहीही चालेल.

अर्थात त्यात तथ्य आहे, आणि ते नाकारून वाद जिंकण्यात अर्थ नाही. कातडीच्या चाचणीत मनगट आणि कोपराच्या मध्ये अगदी वरच्या थरात एक दशांश मिलिलिटर द्रव टोचतात, मुगाच्या दाण्याएवढी फुगवटी येते, आणि दोन-तीन दिवसांनी नर्स ती जागा बोटाने चाचपते. लाली मोजायची नसते. कडकपणा कुठे सुरू होतो तिथे बॉलपेनने खूण करून तो आडवा मोजायचा. माणूस क्षयाचं प्रमाण जास्त असलेल्या देशातून नुकताच आलेला असेल तर दहा मिलिमीटर झाले की पॉझिटिव्ह. या चाचणीला बीसीजीची लस आणि खरा संसर्ग यांतला फरक नीट कळत नाही, हे खरंच. पण जन्मल्याबरोबर घेतलेल्या लसीचा हा परिणाम दहा वर्षांनंतर बहुतेकांत उरलेला नसतो, आणि पस्तिशीतला इंजिनिअर बाळपणीच्या टोचणीवर बोट ठेवतो! शिवाय आता रक्ताची चाचणी आहे. तिच्यात वापरलेली प्रथिने बीसीजीच्या जंतूत नसतातच, त्यामुळे लसीची सबब तिथे चालत नाही. ती पॉझिटिव्ह आली तर कधीतरी, एसटीत, वर्गात, लोकलच्या डब्यात किंवा घरातल्याच खोकणाऱ्या आजोबांकडून, खरा जंतू आत गेलेला आहे. आणि बीसीजी घेतलंय म्हणून क्षय होणारच नाही म्हणावं, तर तसंही नाही. ही लस तान्ह्या मुलांना मेंदूच्या क्षयापासून चांगलं वाचवते. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयावर मात्र तमिळनाडूत चेंगलपट्टूला १९६८पासून झालेल्या प्रचंड चाचणीत तिचा उपयोग दिसला नाही.

आकडे पाहिले तर सबबीला जागाच राहत नाही. अमेरिकेत वर्षाला दहा हजारांच्या आसपास क्षयरोगी सापडतात, त्यांतले साधारण चारात तीन परदेशात जन्मलेले असतात, आणि एकूण रोग्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिकांचा रोग तिथे नव्याने लागलेला नसतो, जुना पडून राहिलेला उठलेला असतो. जगातले सुमारे एक चतुर्थांश क्षयरोगी भारतात आहेत. तिथून निघालेल्यांच्या बॅगेत लोणच्याची बरणी अडते, हा जंतू अडत नाही.

हे मोठ्याने बोललं की ‘परदेशी लोक रोग आणतात’ म्हणणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळेल, अशी भीती मला दाखवली जाईल. ती भीती खरी आहे. पण तिला उत्तर लपवण्यात नाही. पडून राहिलेला जंतू कुणाला लागत नाही. लागतो तो उठल्यावर. म्हणजे जो वेळेवर औषध घेतो तो शेजाऱ्याला धोका नाही, आणि जो व्रण दाखवून घरी जातो तो उद्या होऊ शकतो. दुसरा आक्षेप औषधांचा: ठणठणीत माणसाने नऊ महिने रोज आयसोनियाझिड घ्यायचं आणि यकृत सांभाळायचं, हे लोकांना जड जाई, आणि अर्ध्यात सोडणारेही पुष्कळ असत. आता रिफाम्पिसिन चार महिने, किंवा वेगळ्या औषधजोडीचे आठवड्यातून एकदा असे बाराच डोस, इतक्यात भागतं. यकृताची तपासणी आताही टळत नाही, आणि ती टाळूही नये.

इथवर मी थंडी, जेवण आणि मनस्ताप यांची टर उडवली. आता थोडं मागे यावं लागतं. जंतू पुष्कळांत असतो, उठतो मोजक्यांतच. मग त्यांना निवडतं कोण? मधुमेह, एचआयव्ही, तंबाखू, आणि भारतात सर्वांत वर, उपासमार. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरच्या दहा हजारांहून अधिक माणसांवर अभ्यास झाला, तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. घरातल्यांना दरमहा जादा तांदूळ आणि डाळ मिळाली तिथे नव्या क्षयाचं प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरलं. क्षयाचं औषध नाही, लस नाही, डाळ-तांदूळ. तेव्हा परक्या मुलखात पोटाला नीट न मिळणं, धूर आणि गारठा यांतून एक निवडण्याची पाळी, चौदाव्या वर्षी झालेलं बाळंतपण आणि दहा दिवसांत गेलेलं मूल, यांचा आनंदीबाईंच्या रोगाशी काहीच संबंध नव्हता असं मी म्हणू शकत नाही. सुरुवातीची ती यादी पुरती चुकलेली नव्हती. तिच्यात पहिलंच नाव राहून गेलं होतं, आणि ते नाव नसेल तर उरलेल्या यादीने कुणालाही क्षय होत नाही. एवढ्यावर मी ठाम आहे.

आनंदीबाईंची रक्षा कार्पेंटरबाईंकडे गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सीच्या दफनभूमीत ठेवली गेली. तिथे त्यांच्या नावाचा दगड आहे. तिथे जाऊन फोटो काढणाऱ्यांना एकच विनंती. घरी कुणाची चाचणी पॉझिटिव्ह येऊन पडली असेल, तर बीसीजीचं नाव घेण्याआधी रक्ताची चाचणी मागा, छातीचा एक्स-रे काढा, आणि डॉक्टरांनी औषध दिलं तर शेवटच्या डोसापर्यंत घ्या.