दम लागलेला सूर

1966 साली लंडनच्या वेस्ट हॅम्पस्टेडमधल्या डेका स्टुडिओत गिटारवादक एरिक क्लॅप्टन मार्शल अ‍ॅम्पचा आवाज कमी करायला तयार होईना. जॉन मेऑलच्या ‘ब्लूज ब्रेकर्स’ या अल्बमचं ध्वनिमुद्रण चाललं होतं. अ‍ॅम्प कार्यक्रमात वाजतो तेवढ्याच मोठ्यानं वाजेल, माइक हवा तर लांब न्या, असा त्याचा हट्ट. त्या हट्टातून जो भरदार, कडेला किंचित घोगरा सूर निघाला, त्याच्यामागे गिटारवाले आजही धावताहेत. मीही धावतो, फक्त पुण्यात, फ्लॅटमध्ये, रात्रीची जेवणं उरकल्यावर, कानाला हेडफोन लावून.

माझ्याकडे आहे तो डिजिटल मॉडेलर. पायाशी ठेवायची एक पेटी. तिच्यात जुन्या अ‍ॅम्पसारखा व्हॉल्व्ह एकही नाही, व्हॉल्व्हचं गणित तेवढं आहे. जुन्या मार्शलमध्ये एसीचा डीसी करायला जीझेड34 नावाचा व्हॉल्व्ह असे. तार जोरात छेडली की अ‍ॅम्प एकदम जास्त वीज मागतो, ती पुरत नाही, व्होल्टेज बसतं आणि लगेच सावरतं. अ‍ॅम्पला चक्क दम लागतो! त्यामुळे सुराचा पहिला आघात मऊ पडतो आणि मागचा भाग फुलून वर येतो. इंजिनियरच्या लेखी हा दोषच. मॉडेलरच्या पडद्यावर मात्र या दोषाला ‘सॅग’ नावाचा मानाचा नॉब आहे. तानपुऱ्याचा दोरा घोडीवर केसभर सरकवत जवारी शोधावी, तसा मी तो फिरवत बसतो.

गेन, म्हणजे सूर किती फाटावा ते ठरवणारा नॉब, मात्र कमीच ठेवतो. क्लॅप्टनची ती रेकॉर्ड नीट ऐकली तर कळतं, आठवणीत तो सूर जेवढा फाटलेला असतो, तेवढा प्रत्यक्षात नाही. गेन उतरवायचा, मास्टर चढवायचा, मिड सढळ हातानं द्यायचा. वरची कर्कश टोकं छाटली तरी चालतात. 12 इंची गिटार-स्पीकर तसाही 5000 हर्ट्‌झच्या वर फारसा बोलत नाही. मग गिटारवरचा व्हॉल्यूम 10 वरून 6 वर आणायचा. घोगरेपणा निवळून खाली स्वच्छ, गोल स्वर उरला, तर मॉडेल खरं. माझ्या मते परीक्षा एवढीच. बाकी पडद्यावरची अ‍ॅम्पची देखणी चित्रं बघायला ठीक.

एक गोष्ट मात्र हेडफोनमध्ये येत नाही. मोठ्या आवाजात स्पीकरची हवा तारांवर आदळते, त्या पुन्हा थरथरतात आणि सूर लांबतच राहतो. हेडफोनचा आवाज तारांपर्यंत पोचणार कसा? तिथे सूर बोटांनी कंप देऊन जगवावा लागतो. नाहीतर स्पीकर लावायचा, पण खालच्या मजल्यावरचे काका-काकू गावाला गेल्याशिवाय ते जमत नाही. गणपतीचे दहा दिवस तेवढे सोयीचे. बाहेर ढोल-ताशा सुरू झाला की माझ्या मार्शलला कुणी विचारत नाही.