जोडणी

ग्वारीघाटावर आम्ही एरवी जातो ते नर्मदेच्या दर्शनासाठी. खरे सांगायचे तर आरतीनंतरच्या गरम भज्यांसाठी. गेल्या कार्तिकात मात्र मामांनी शेतावर बोलावून घेतले. नवा रोटाव्हेटर आला होता आणि त्याचा पीटीओ शाफ्ट ट्रॅक्टरला लागत नव्हता. "तू शिकलेला, पुस्तिका वाचून सांग," असा निरोप होता. आम्ही पडलो केंद्र सरकारचे कारकून. कागदाला कागद जोडण्यात उमेदीची वर्षे चालली आहेत. लोखंडाला लोखंड जोडण्याचा योग हा पहिलाच.

शाफ्ट लांब होता. एकीत एक सरकणाऱ्या दोन नळ्या आणि दोन्ही टोकांना क्रॉसचे सांधे. मिस्त्री नुसत्या अंदाजाने कापायला निघाला होता, त्याला आम्ही थांबवले. एक अर्धा भाग ट्रॅक्टरला लावावा, दुसरा रोटाव्हेटरला. यंत्र वरखाली करून दोहोंतले अंतर जेथे सर्वांत कमी होईल तेथे इंजिन बंद करावे, नळ्या शेजारी शेजारी धरून खुणा कराव्यात आणि दोन्हींतून सारखेच कापावे. शाफ्ट लांब राहिला तर गिअरबॉक्सला धक्के देतो, फार आखूड झाला तर चालता चालता निसटतो.

आतल्या दोन्ही काट्यांची तोंडे एका रेषेत हवीत, हेही चित्रावरून उमगले. तिरका सांधा प्रत्येक फेऱ्यात जरा पुढे पळतो, जरा मागे रेंगाळतो. दुसरा तेवढीच उलट चूक करून पहिल्याची चूक फेडतो. काटे चुकीचे बसले तर चुका फिटण्याऐवजी साठतात आणि सारा शाफ्ट थरथरतो. कचेरीत असे दोन कारकून शेजारी बसवता आले असते तर!

राहिले शाफ्टवरचे प्लास्टिकचे कवच. तेही तेवढेच कापायला हवे होते. "बाबूजी, इसे कौन लगाता है?" म्हणत मिस्त्रीने ते बांधावर भिरकावले. दिवस कलला होता. आमच्या डोळ्यांपुढे शेवटची बस उभी होती. आम्ही म्हणालो, "मामा, आज असेच चालवून पाहू या."

मामा काही बोलले नाहीत. त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटे नाहीत. १९८१ सालच्या मळणीत ती थ्रेशरमध्ये गेली. त्या यंत्रांना बंधन घालणारा धोकादायक यंत्रांचा कायदा झाला तो १९८३ साली. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. गळ्यातल्या पंचाचे टोक सापडले तर ओरडायलाही सवड मिळत नाही. हे सारे तासाभरापूर्वी आम्हीच त्यांना समजावून सांगितले होते.

मामांनी बांधावरून कवच उचलून आणले, पुसले, मांडीवर धरले आणि उरलेल्या बोटांत करवत घेऊन कापू लागले. करवत घसरत होती, तरी ती मिस्त्रीच्या हाती देईनात. आम्ही दुसरे टोक धरून बसलो. मान वर करण्याचा धीर झाला नाही.

घाटाच्या बाजूने आरतीची घंटा ऐकू येऊ लागली तेव्हा कवच बसले. मामांनी त्याची साखळी अडकवली, एकदा ओढून पाहिली आणि ट्रॅक्टरची चावी आमच्या हातावर ठेवली. "आता चालू कर," ते म्हणाले.

आमची बस केव्हाच गेली होती.