पोट, ऑपरेशन आणि दुसरं मूल

मुलगी झाली तेव्हा संतपूरला माहेरी आजीनं जुन्या लुगड्याचा पट्टा दीड महिना माझ्या पोटाला करकचून बांधला. पट्ट्यानं कंबरेला आधार मिळाला. चरबी मात्र हलली नाही, आणि डिंकाच्या लाडवांनी ती हलू दिलीही नसती!

मुलगी आता तीन वर्षांची आहे. यंदा हैदराबादेत एका प्लास्टिक सर्जनबाईंना दाखवलं. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "आणखी मूल हवंय का?" सगळ्यांनी आजवर मला 'दुसरं कधी?' एवढंच विचारलं होतं. 'हवंय का' हे पहिल्यांदाच ऐकलं, म्हणून उत्तरच सुचेना.

बाईंनी मला झोपवून डोकं उचलायला लावलं, बेंबीच्या वर बोटं दाबली. पोटाच्या मधोमध दोन उभे स्नायू असतात. गरोदरपणात ते फाकतात आणि कधीकधी नीट जवळ येत नाहीत. माझी फट अडीच बोटांची होती. लायपोसक्शननं ती मिटत नाही, कारण त्यात कातडीखालची चरबी तेवढी नळीनं ओढून काढतात. वजन कमी करायचा तो उपाय नव्हेच. टमी टकमध्ये सैल कातडी कापून स्नायू शिवतात. त्यानंतरही दिवस राहू शकतात, बाळ सहसा सुखरूप असतं, पण शिवलेलं पुन्हा ताणलं जातं. म्हणून मुलं होऊन गेल्यावर, अंगावरचं दूध तुटून काही महिने झाल्यावर आणि वजन स्थिरावल्यावर करावं, असं त्या म्हणाल्या.

उदगीरची माझी मावसबहीण लग्नाआधीच लायपोसक्शन करावं म्हणते. तसं करायला मनाई नाही. पण काढलेल्या पेशी गेल्या तरी उरलेल्या फुगतात, आणि गरोदरपणात वजन वाढतंच. शिवाय हे ब्यूटी पार्लरचं काम नाही. 2022 च्या मे महिन्यात बंगळुरूत अशाच शस्त्रक्रियेनंतर अभिनेत्री चेतना राज दगावली, ती अवघी 21 वर्षांची होती.

घरी सांगितलं तर सासूबाई खूश. "बघ, डॉक्टरीणबाईपण म्हणतात, आधी दुसरं होऊ दे!" बाईंनी असं म्हटलंच नव्हतं. रात्री नवऱ्याला म्हटलं, उत्तर आपण दोघांनी द्यायचंय, पण आधी मला देऊ दे. तो "बरं" म्हणाला.

ऑपरेशनची तारीख घेतलेली नाही. फिजिओथेरपिस्टनं शिकवलेले व्यायाम रोज सकाळी करते. फट आता दोन बोटांवर आली आहे.